लेन्सच्या औषधाची बाटली

लोणावळ्याच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी चाळीस वर्षं जातेय. बाकडं अजून तेच आहे. परवा शेजारी पवनानगरच्या मायलेकी बसल्या होत्या. लेकीने डाव्या डोळ्यावर रुमाल धरला होता.

"लय दुखतंय का गं, अपेक्षा?"

"डॉक्टर म्हणत्यात, लेन्सला पाणी लागलं, म्हणून बुबुळाला जखम झाली. पण मी तर रोज हात धुऊन, औषधातच ठेवते."

"त्या पांढऱ्या बाटलीतल्या?"

"व्हय."

"संपत आलतं गं ते. मीच त्यात नळाचं पाणी घालून हलवून ठेवलं. शाम्पूला घालतो तसं."

"कवा?"

"दिवाळीच्या आधी. दिसंल ना गं तुला?"

"तू आधी डोळं पूस. आत डॉक्टरांना खरं सांगू. घरी आबांना मात्र, मी लेन्स घालून धरणात पोहले म्हणून सांगायचं."