तेलातला चुरा

साताऱ्याच्या गॅरेजात पंक्चर निघायची वाट बघत बसलेल्या संयोगिताच्या कानावर शेजारच्या नवरा-बायकोचं बोलणं पडत होतं. सुट्टीवर आलेल्या त्या फौजीच्या तळहातावर मोटारसायकलच्या तेलात सापडलेला चकचकीत चुरा होता.

"मिस्त्री, लोहचुंबकाला चिकटतोय ओ ह्यो."

"मग गिअरचा दात झिजलाय. इंजिन उघडाय लागंल, दोन दिस जात्याल."

"माझी तर उद्याच रेल्वे हाय. पल्लवी, मेढ्याच्या वाटंला बंद पडली तर गं?"

"पडती की."

"कवा पडली?"

"दोनदा. भर पावसात."

"फोनवर कदी बोलली न्हाईस?"

"तुमी तिथनं काय करणार हुता?"

"मग घरी कशी आलीस?"

"ढकलत."

फौजीनं मूठ आवळली.

"मिस्त्री, उघडा इंजिन. आत्ता, माझ्याम्होरं. मी हितनं हालत न्हाई."