पहिल्या हाकेचा साहेब

तिन्हीसांजेच्या पहिल्या हाकेला ओ देऊ नये, कारण भूत एकदाच हाक मारते, ही समजूत कोकणात गावोगावी थोड्याफार फरकाने आढळते. तिचे मस्कतमधील रूप मात्र मी स्वतः भोगले आहे.

नव्वदच्या दशकात एक ब्रिटिश नट पदरमोड करून भयपट काढी आणि त्यांत भूतही स्वतःच होई. लोककथांचा सल्लागार म्हणून त्याने मला मस्कतला सोबत नेले होते. वादी अदाईजवळच्या डोंगरावर तो जिन्नाच्या वेशात कॅमेरा लावून उभा होता. बॅटरी खाली गाडीतच आमच्यापाशी राहिली होती आणि चित्रीकरणाची परवानगी सूर्यास्तापर्यंतच होती.

वरून हाक आली, “हसन!”

आमचे रत्नागिरीचे चालक हसनभाई ढिम्म बसून राहिले.

“अहो, साहेब बॅटरी मागतोय. ऊन चाललंय.”

“परत हाक येऊ दे, सर. साहेब असेल तर मारेलच की.”

“तो इंग्रज आहे. एकदा बोलावून वाट बघत राहील.”

“मग राहू दे.”

मी ओ देऊ लागलो, तर त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला.

सूर्य मावळला. अखेर साहेबच शिंगांसकट खाली आला आणि काच ठोठावू लागला. मी दार उघडणार, तोच हसनभाईंनी “बिस्मिल्ला” म्हणत गाडी सुरू केली आणि ती थेट शहरातल्या गजबजलेल्या रुवीला आणून थांबवली.