ड्रॉइंगप्रमाणे

जर्मनीतल्या नेकारसुल्म स्टेशनच्या फलाटावर मागच्या बाकावरून मराठी ऐकू आलं, तेव्हा ओळख काढावी म्हणून जयंतरावांनी पुस्तक मिटलं. पण त्या नवराबायकोचा सूर ऐकून त्यांनी ते पुन्हा उघडलं.

“निहार, माझ्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांना हात लावायला कुणी सांगितलं होतं?”

“अगं क्षितिजा, रविवारच्या मॅचसाठी मदत केली. प्रेसमध्ये दाबून सगळ्या एकसारख्या केल्या.”

“कशासारख्या?”

“मूळ काडतुसाच्या मापांच्या ड्रॉइंगसारख्या. चक्क फुगल्या होत्या त्या.”

“फुगवल्याच होत्या! हे वाइल्डकॅट काडतूस आहे, दुकानात मिळत नाही. हिवाळाभर एकेक पुंगळी माझ्या रायफलीत उडवून तिच्याच मापाची करून घेतली. म्हणून तर गोळ्या एका जागी लागत होत्या.”

“पण टॉलरन्सच्या बाहेर...”

“ती तुझ्या कारखान्यातली गाडी नाही!”

“आल्झो... म्हणजे, परत उडवू ना. मीही येतो क्लबात.”

“हिवाळ्याचं काम परवापर्यंत?”

“मग रविवारी काय करणार?”

“मी घरी बसणार. तू जा माझ्या जागी. उभा राहा रेंजवर, आणि त्या टार्गेटला तुझं ड्रॉइंग दाखव.”