हिरवी वायर

नाही काका, आत्ता नाही येणार तो आवाज. तुम्ही कितीही कान लावा, आत्ता नाही येणार — म्हणजे येतो तो, रोज येतो, बारा दिवस झाले येतोय, ह्यांना विचारा ना — पण हे गेलेत वॉचमनकडे शिडी आणायला, तुम्हाला तो वरचा फ्यूजचा डबा उघडून बघायचाय म्हणून. येतील पाच मिनिटांत. बसा तोवर. त्या खुर्चीवर नको, ती करकरते, ह्यांनी तिला इतकं तेल पाजलंय की बसणाऱ्याचे कपडे खराब होतात. ह्या स्टुलावर बसा. ही होय? ही बबडी, दहा महिन्यांची. सोड सोड करतेय, बघताय ना, पण ह्या खोलीत मी हिला खाली सोडत नाही. नाही नाही, रांगते की, छान रांगते, बाहेर घरभर रांगते. इथेच नाही. सवय म्हणा.

कसा म्हणजे — घूंऽऽ असा. एका सुरात. बंद खोलीत भुंगा अडकावा तसा, पण भुंगा दमतो तरी, हा दमत नाही. आमच्या ह्यांचं काम माहितीये ना तुम्हाला? गोष्टींचं. एक रिटायर झालेल्या बाई येतात, शाळेत शिकवायच्या, त्या इथे बसून गोष्टी वाचतात आणि हे त्या रेकॉर्ड करतात, नीट करतात आणि एका कंपनीला पाठवतात. लहान मुलांनी कानाला लावून झोपायचं, अशा गोष्टी. बाईंचा आवाज असा आहे की बबडीसुद्धा चोखणी सोडून ऐकत बसते. पण पाठवलेल्या बारांतल्या सात परत आल्या. तिकडचा माणूस म्हणतो, गोष्ट चांगली आहे पण मागे माशी फिरतेय, आणि शनिवारपर्यंत माशी गेली नाही तर आम्ही दुसरीकडून करून घेतो. ह्यांनी चांगली ऑफिसातली नोकरी सोडून ही खोली उभी केलीये, काका. भिंतींना ही गादी ठोकली तेव्हा मी आठ महिन्यांची पोटुशी, खिळे मी धरून दिलेत. म्हणजे तुमच्या लक्षात आलं असेल, शनिवार म्हणजे काय ते.

आणि काय काय नाही केलं ह्यांनी. पहिल्यांदा फ्रीजवर आळ. फ्रीज बंद, दूध नासलं. मग पंख्यावर. सगळ्या घरातले पंखे बंद, हिच्या मानेला घामोळं उठलं, बघा, अजून आहे. मग ट्यूबलाइट काढल्या. मग शेजारच्यांकडे जाऊन म्हणाले, तुमचं वॉशिंग मशीन दुपारी लावू नका, तर ती शेजारीण मला जिन्यात म्हणते, तुमच्या मिस्टरांना सांग, आता श्वासही हळू घेऊ का आम्ही. मी हसले. काय करणार. रोज हे घरभर कान टवकारून फिरायचे आणि मी त्यांच्या मागून हिला कडेवर घेऊन, नाही हो, फ्रीजचा नसेल, नाही हो, पंख्याचा नसेल — मला माहीत होतं ना. म्हणजे, वाटत होतं.

चहा टाकू का? नको? बरं.

तुम्हीच सांगितलं होतंत ना ह्यांना फोनवर? महिन्यापूर्वी? आवाज तेव्हाही होता, तो पहिला. मी इथेच उभी होते, फोन स्पीकरवर होता. तुम्ही म्हणालात, प्लग उघडा आणि आतली हिरवी, अर्थिंगची वायर सोडवून बघा, आवाज जातो का. मग मध्येच कुणीतरी तुम्हाला हाक मारली आणि फोन ठेवलात. तुम्ही बघा म्हणालात, मला आठवतंय, नुसतं बघायला सांगितलंत — पण ह्यांनी सोडवली, आवाज गेला, तो गेला म्हणून ह्यांनी मला उचलून घेतलं आणि मग ती तशीच राहिली. सहाच्या सहा प्लगांची. वरून काय कळणार? स्क्रू लावला की प्लग प्लगासारखा. तुमची चूक म्हणत नाही मी. वायरमनला फोनवर काय दिसतं.

मग ही रांगायला लागली. एक दिवस मी फरशी पुसत होते, ही माझ्या पुढे पुढे, आणि त्या लोखंडी पेटीशी जाऊन — ती काय, बटणांची, मिक्सर म्हणतात तिला, मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं स्वयंपाकघरातला आणताहेत — तेव्हा ती खालच्या फळीवर होती. हिने तिच्या कडेला तोंड लावलं. दात येताहेत ना, दिसेल ते चावते. आणि एकदम मागे पडली. रडली नाही. ते मला जास्त लागलं, की रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली, ओठ बाहेर काढून, हे काय होतं असं विचारल्यासारखी. मी पेटीला हात लावला — उलटा हात, सुलटा नाही, सुलटा लावला तर मूठ आवळते — आणि पाय ओले, अनवाणी. मुंग्या. कोपरापर्यंत मुंग्या.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी येऊन हात लावला, काही नाही. पायात जाड रबरी चपला, खाली गालिचा, काय लागणार? म्हणाले, तुला हल्ली सगळ्यात काहीतरी दिसतं. खरंय तेही. हिचं नाक चोंदलं तरी मी रात्रभर मोजत बसते श्वास. तरी मी म्हटलं की हिरवी जोडून टाका ना, तर हसले. वाईट नाही हसले, लाडाने हसले. म्हणाले, सातवीच्या पुस्तकात होती का ही वायर?

सातवीत नव्हती, काका. सातवीनंतर होती. सातवीनंतर तीन वर्षं मी इस्त्र्यांच्या कारखान्यात होते, प्लग बसवायला. दिवसाला चारशे. आमच्यावर एक मोठ्या ताई होत्या, त्या पहिल्या दिवशी पट्टी घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, हिरवी बोटभर लांब ठेवायची. का, ते मला पाठ आहे. कुणी वायर ओढली तर लाल आधी निसटू दे, काळी निसटू दे, हिरवी शेवटी. सगळं तुटलं तरी ती धरून राहिली पाहिजे, लोखंडात उतरलेला करंट जमिनीत तीच नेते. आखूड ठेवलीस की सगळी इस्त्री परत. ह्यांना माहितीये मी कारखान्यात होते, पण तिथे काय करायचे ते कधी विचारलं नाही, आणि मीही नाही सांगितलं — प्लग बसवायचे, यात काय सांगायचं.

तर — हे बाजारात गेले होते. मी हिला पाळण्यात टाकलं आणि सहाही प्लग उघडून हिरव्या जोडल्या. बोटभर लांब ठेवून. पंधरा मिनिटं लागली, हात अजून विसरलेला नाही.

हो. बारा दिवसांपूर्वी.

असं बघू नका ना माझ्याकडे. मला काय माहीत, दुसऱ्याच दिवशी तो घूं परत येईल म्हणून. आला तेव्हा सांगणार होते. मग फ्रीज झाला. मग पंखे झाले. मग ते जेवायचे थांबले, ताटावर बसून कान लावायचे, आणि जितके दिवस जास्त तितकं सांगणं अवघड. प्लग त्यांनी उघडलेच नाहीत. स्वतः तोडलंय ना, ते तुटलेलंच असणार असं धरून चाललेत. आणि काल म्हणाले, काका येताहेत, ते सगळं उघडून बघतील. मग माझी झोप उडाली. तुम्ही ह्यांच्यासमोर प्लग उघडणार आणि विचारणार, ही कुणी जोडली — म्हणून आज सकाळी हे आंघोळीला गेल्यावर मी सगळ्या परत सोडवल्या. म्हणून आत्ता आवाज नाही. म्हणून ही कडेवर.

थांबा, उठू नका, एवढं ऐका. आवाज हिरवीचा नाही, दोन बोर्डांचा आहे. मी करून बघितलंय, हे एकदा तिकडच्या माणसाला भेटायला गेले तेव्हा. हा कॉम्प्युटर खिडकीकडच्या बोर्डावर आहे, आणि पेटी नि ते दोन स्पीकर दाराकडच्या. मी स्वयंपाकघरातला लांब बोर्ड आणला, तोही तीन पिनांचा, आणि सगळे प्लग त्यात, एकाच भिंतीवरून लावले, हिरव्या जोडून. आणि घूं गेला. कान लावून ऐकलं, हिच्या श्वासासारखं अगदी बारीक काहीतरी राहिलं, बस. मग ह्यांचा फोन आला, निघालोय म्हणून, मी सगळं होतं तसं केलं. आता हे मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? बारा दिवस त्यांना नाचवलं मी. तुम्ही सांगा. तुमचं म्हणून सांगा — हिरव्या जोडायच्या आणि सगळं एका बोर्डावर. माझं नाव नको. तुमचं ऐकतील ते.

काय? थोडं झिणझिणतंच? सगळीकडे असतं?

बरं. मग एक करा काका, चपला काढा. काढा ना, फरशी मी सकाळीच पुसलीये, अजून ओलसर आहे. गालिच्यावर नाही, इकडे, हं, इथे. आता त्या पेटीला हात लावा. हात कशाला — ओठ लावा. हिने ओठ लावले होते.

का, थांबलात का?

हं.

तो बघा, जिन्यात शिडी आपटतेय. आले. स्क्रू ड्रायव्हर हिच्या पावडरच्या डब्यात आहे, तुमच्या उजव्या हाताला. घ्या. घ्या ना लवकर —

आलात? काही नाही हो, आम्ही बोलत होतो. शिडी राहू द्या तिकडेच. काका म्हणताहेत, वर काही नाही, आधी सगळे प्लग उघडून बघावे लागतील.

हो ना, काका?