डाव्या पायावरचे तीन डाग

डॉक्टर : डोळे मिटूनच ठेवा. आता काय लागलं?

थोरली : कापूस. डाव्या पायाला, घोट्याच्या वर.

डॉक्टर : आणि आता?

थोरली : तिथंच काहीतरी टेकलं. कापसापेक्षा टणक आहे.

डॉक्टर : टोचलं नाही?

थोरली : नाही. काय होतं?

डॉक्टर : टाचणी. चांगली दाबली होती.

थोरली : वीस वर्षं शिवणकाम केलं मी. सुई बोटात गेली की जीव कळवळायचा. आता म्हणे टाचणी टेकली.

धाकटी : ताई, उगीच बोलू नकोस ना. त्या तपासतायत.

डॉक्टर : बोलू दे त्यांना. आता दोन नळ्या लावते. एकीत बर्फाचं पाणी आहे, एकीत कढत. कढत कुठली?

थोरली : दोन्ही सारख्याच. काच आहे एवढं कळतं.

धाकटी : असं कसं? कापूस कळतो, मग कढत पाणी का कळत नाही?

डॉक्टर : दोघांच्या वाटा वेगळ्या असतात. स्पर्शाची वाट पाठीच्या कण्यातून त्याच बाजूने वर मेंदूकडे जाते. दुखण्याची आणि गरम-गारची वाट कण्यात शिरल्या शिरल्या पलीकडच्या बाजूला जाते. ह्यांना सुरी लागली ती पाठीत, उजवीकडे. कण्यातल्या मज्जारज्जूची अर्धी दोरी कापली गेली. म्हणून उजवा पाय उचलत नाही आणि डाव्या पायाचं दुखणं वर पोहोचत नाही.

थोरली : म्हणजे कापड अर्धं कापलं आणि उसवलं दोन्हीकडे.

डॉक्टर : तसंच. उजव्या पायात थोडं बळ परत येईल. ह्या पायाचं मात्र सांगता येत नाही. त्याला आता रोज डोळ्यांनी तपासायचं... हे काय? तळव्याला?

थोरली : काही नाही. गरम पाण्याची पिशवी ठेवली होती.

डॉक्टर : पिशवी इतकी नेमकी भाजत नाही. तीन गोल डाग आहेत, एका रांगेत. परवा मी हा पाय तपासला तेव्हा नव्हते.

धाकटी : ताई, तो आला होता?

(थोरली चादर पायावर ओढून घेते.)

धाकटी : माझ्याकडे बघ. माझा नवरा आला होता का इथे?

थोरली : काल दुपारी. तू औषधं आणायला खाली गेली होतीस. आला, पडदा ओढून घेतला, खिडकी उघडली आणि पायाशी बसला. सिगारेट पेटवली. म्हणाला, सुरी चोराने मारली असं पोलिसांना सांगितलंत तेच शेवटपर्यंत चालू दे, नाहीतर उरलेलं काम तुझ्या बहिणीवर पुरं करीन. मी म्हटलं, बघू. मग पायाला काहीतरी टेकलं. मला वाटलं, बोट लावतोय. तेवढ्यात वास आला.

डॉक्टर : कसला?

थोरली : कातडी जळल्याचा. खाली बघितलं तर माझाच पाय.

धाकटी : तू ओरडली का नाहीस?

थोरली : दुखलंच नाही तर ओरडू कशाला? मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याने परत लावली. लावायचा आणि माझ्याकडे बघायचा. तिसऱ्यांदा लावली आणि तोच मागे सरकला. म्हणाला, बाई आहेस का कोण आहेस? खुर्ची पाडून निघून गेला.

धाकटी : मी ओरडले की तो थांबतो.

डॉक्टर : काय म्हणालात?

धाकटी : म्हणून मी आधीच ओरडते. टेकवायच्या आधी. मग एखाद्या डागावर भागतं.

(धाकटी बाही कोपराच्या वर सरकवते.)

डॉक्टर : हे डाग किती जुने आहेत?

धाकटी : वरचे तीन वर्षांपूर्वीचे. हा मागच्या महिन्यातला.

थोरली : तू मला तेलाचे शिंतोडे म्हणाली होतीस. मी तुला लांब बाह्यांचे कपडे शिवून देत बसले.

धाकटी : काय सांगायचं होतं? त्याने सुरी काढली त्या दिवशी तू आमच्या घरी आलीस म्हणून तुला कळलं तरी. डॉक्टर, ती सुरी माझ्यासाठी होती. हिने मला कवेत घेतलं, त्याच्याकडे पाठ केली. सुरी आत गेली तेव्हा हिचा श्वास माझ्या कानात थांबलेला ऐकला मी. आणि तरी पोलिसांपुढे मी चोर होता म्हणाले. हिलाही तेच बोलायला लावलं.

थोरली : तू घाबरली होतीस.

धाकटी : अजून घाबरलेलीच आहे.

डॉक्टर : हे भाजल्याचं मला पोलिसांना कळवावंच लागेल. आजपासून ह्या खाटेशी परवानगीशिवाय कुणी येणार नाही, ते मी बघते. तुम्हालाही इथून त्या घरी जायची गरज नाही, दुसरी सोय होईल. पण पोलिसांना काय सांगायचं ते तुम्ही ठरवा.

धाकटी : बोलवा त्यांना. मी सांगते.

थोरली : नक्की?

धाकटी : तुझा पाय जळत होता आणि मी खाली औषधांच्या रांगेत उभी होते, ताई. नक्की.

थोरली : मग सुरीपासून सुरुवात करू नकोस. पहिल्या थपडेपासून सांग.

धाकटी : खूप वेळ लागेल.

थोरली : लागू दे. मला कुठे जायचंय?