आमचं घर निघून गेलं

— मजा? हो, येतेय ना मजा. मजाच मजा आहे. बसा तुम्ही, मी सरकते जरा — त्या चादरीला नका टेकू, ओली आहे, धाकट्यानं ओकून ठेवली होती. म्हणजे धुतली मी आता, इथल्याच मशीनमध्ये, वास गेलाय, पण तरी. तुमचा तंबू तो कडेचा निळा ना? काल बघितलं मी तुम्हाला. खुर्च्या टाकून बसला होतात दोघं आणि काहीही करत नव्हतात. मी बराच वेळ खिडकीतून बघत होते — राग नका मानू, पण दोन माणसं नुसती बसलेली बघायलासुद्धा बरं वाटतं हो. आणि तुम्ही आमच्या गाडीकडे बघत होतात, तेही दिसलं. वाटलं असेल तुम्हाला, काय हौशी लोक आहेत, अख्खं घरच चाकांवर घालून निघालेत, ओटा आहे, पलंग आहे, पडदेसुद्धा आहेत. आहेत ना, पडदे आहेत. एक खाली आलाय, पण आहेत.

कल्पना कुणाची म्हणजे काय, नवऱ्याची. वर्षभर तो रोज जेवताना त्या मोटारहोमवाल्यांचे व्हिडिओ बघायचा. त्यात एक बाई असते बघा — गाडी चाललेली, आणि ही हसत हसत टोमॅटो चिरतेय, पोरं शहाण्यासारखी खिडकीतून डोंगर बघतायत. मी पहिल्याच दिवशी टोमॅटो चिरायला घेतला. वळण आलं. टोमॅटो एकीकडे, सुरी एकीकडे, मी खाली. पुढून हा विचारतो, काय पडलं गं? मी म्हटलं, काही नाही, मीच. तर म्हणाला, कप्प्यांच्या खिट्ट्या नीट लावत जा. खिट्ट्या लावलेल्याच असतात हो, पण त्या मनाच्या राण्या आहेत, वाटेल तेव्हा सुटतात, आणि मग चमचे, डबे, पोरांचे बूट, सगळं गाडीभर हिंडतं. आणि संडास — आहे, आत संडास आहे, कौतुकानं दाखवला त्यानं मला गाडी घेतली त्या दिवशी. पण वापरायचा नाही. का, तर त्याची टाकी भरते, आणि ती भरली की रिकामी त्याला करावी लागते. मग प्रत्येक पेट्रोलपंपावर थांबा, पोरांना उतरवा, चपला घाला, न्या, आणा, हात धुवा. संडास घरात आणि आम्ही दारोदार.

नाही, चालवता येते मला. चांगली येते, रोज गाडीच घेऊन जाते मी कामाला. पण ही मोठी आहे ना, ही त्याला एकट्यालाच जमते. म्हणजे मी विचारलं होतं एकदा, तर तो फक्त हसला. मग आपोआपच ठरून गेलं सगळं — त्याच्या सीटच्या पुढचं जग त्याचं, आणि सीटच्या मागचं माझं. रस्ता, नकाशा, डोंगर, सूर्यास्त, हे त्याचं. खाणं, ओकणं, भांडणं, पट्टे, रडारड, ते माझं. मध्ये पडदा. तोच एक धड राहिलाय बघा, मधला पडदा.

तीन आहेत मला. थोरल्याला आम्ही दादाच म्हणतो, तो सगळ्या प्रश्नांना हो म्हणतो, ऐकलं असो नसो. धाकटा गुंड्या — तो काल तुमच्या तंबूच्या दोऱ्यांत अडकला होता ना, तोच, सॉरी हं. आणि मधली माऊ. माऊ म्हणतो कारण तिचा आवाज नाही. चालली तरी कळत नाही, पडली तरी कळत नाही, गुडघा फुटलेला संध्याकाळी आंघोळीला दिसतो. सगळे म्हणतात, किती गुणी पोर, हिचा काही त्रास नाही तुम्हाला. मीही म्हणायचे. अभिमानानं म्हणायचे हो. तुम्हाला पण — हो, दिसतंय, मघाशीच बघितलं मी, बसताना कमरेला हात लावलात ना. पहिलंच? छान. छान. देव करो नि रडकं होवो. हसू नका, मनापासून सांगतेय.

काय होतं मी सांगत? हां, पंप. हे परवाचं. तुम्ही ज्या रस्त्यानं आलात त्याच मोठ्या रस्त्यावर आहे तो, दुकान आहे बघा त्याला, लाल छपराचं. माऊ सकाळपासून माझ्या मागे लागली होती, मला पुढे बसू दे, बाबाच्या शेजारी. मागे लागली म्हणजे काय, दोनदा म्हणाली. तिचं दोनदा म्हणजे दुसऱ्या पोरानं जमिनीवर लोळण घेतल्यासारखं आहे. मी म्हटलं, पंपानंतर बस. म्हणून मोकळी झाले. मग पंपावर तिघांना घेऊन उतरले, माऊ संडासात गेली, दादा जाऊन लगेच आला, आणि तेवढ्यात गुंड्यानं दुकानात वेफर्सच्या पाकिटांची अख्खी ओळ खाली ओढली. मी गोळा करतेय, माफी मागतेय, हा पायांतून निसटतोय, बाहेरून नवरा हॉर्न वाजवतोय कारण मागे गाड्या लागल्या होत्या. मी दादाला ओरडून सांगितलं, माऊला घेऊन गाडीत चल. तो हो म्हणाला. सांगितलं ना, तो हो म्हणतो. त्याला वाटलं, मी गाडीत चल एवढंच म्हटलं. गुंड्याला मी काखोटीला मारलं, मागच्या दारातून आत टाकलं, त्याचा पट्टा लावला, दादाला विचारलं, बसलात सगळे? तो म्हणाला, हो. आणि मी पडदा सारून पुढे जाऊन बसले. त्या अख्ख्या प्रवासात पहिल्यांदा पुढे बसले मी. कंबर मोडली होती माझी मागे बसून बसून.

आणि काय सांगू तुम्हाला, सुख होतं. पाय पसरले. समोर काच केवढी, रस्ता, ढग, सगळं एकदम मोठं. नवरा पण बरा बोलत होता, म्हणाला, बघ, तू उगाच चिडचिड करतेस, किती छान वाटतंय. मला खरंच छान वाटत होतं. मागून गुंड्या मध्येमध्ये ओरडत होता, माऊ, माऊ. मी मान न वळवता सांगितलं, माऊ झोपलीय, गप्प बस. कशावरून झोपलीय? काही नाही. आवाज येत नव्हता म्हणून. मला वाटलं, चला, एक तरी पोर शहाणं आहे, एका पोराची तरी काळजी नाही — असं अगदी वाटलेलं आठवतंय मला, त्या शब्दांत. तो पुन्हा ओरडला. मी रेडिओ मोठा केला.

मग कधीतरी तहान लागली. पडद्यातून हात घालून दादाकडे बाटली मागितली, पाणी प्यायले आणि परत देताना म्हटलं, माऊला पण दे. तर तो म्हणाला, "माऊ तुमच्याकडे आहे ना पुढे?"

नाही, असू दे, पाणी नको मला. ठीक आहे मी.

असा रस्ता आहे तो, तुम्हाला माहीतच आहे, मध्ये कठडा, वळायला जागा नाही. पुढचा फाटा येईपर्यंत पुढेच जायचं — म्हणजे पोर मागे आणि आपण आणखी लांब, आणखी लांब, आणि ती गाडी, ती काय पळते का, चढाला तर माणूस चालत पुढे जाईल. फोन लावायचा तर कुणाला, त्या पंपाचं नाव कुणाला ठाऊक.  फाट्यावर नवऱ्यानं अशी काही वळवली की मागचे सगळे खण उघडले, चमचे सांडले, डब्याचं झाकण गोल गोल फिरत राहिलं जमिनीवर, कुणी उचललं नाही.  जाताना जे ढग मला एवढे आवडले होते तसेच आताही समोर होते, आणि मी प्रत्येक येणाऱ्या गाडीच्या काचेत बघत होते, आत लहान मुलगी आहे का, कुणी घेऊन चाललंय का. काय काय येतं मनात ते नाही सांगत तुम्हाला, ह्या दिवसांत नाही ऐकू.

होती. होती हो, तिथंच होती. दुकानातल्या बाईंनी तिला गल्ल्यामागे उंच स्टुलावर बसवलं होतं, स्वतःची टोपी घातली होती तिच्या डोक्यावर, ती नाकापर्यंत आलेली, आणि ही बाटल्यांवर किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवत होती. एकेक, सरळ, काळजीपूर्वक. रडली नव्हती. त्या बाई म्हणाल्या, आम्ही विचारलं तिला, तुझी आई कुठाय, बाबा कुठाय, कुठली गाडी तुमची, तर एकच सांगत होती. म्हणाली, "आमचं घर निघून गेलं."

बरोबरच आहे ना. दुसरी पोरं हरवतात, घरापासून लांब जातात, आणि घर आपलं जागच्या जागी असतं. हिचं घरच उठून गेलं. हिनं काय करायचं?

आणि मी काय केलं असेल? तुम्हाला वाटेल, पोटाशी धरलं, मुके घेतले. सिनेमात तसंच करतात. मी तिला रागावले. सगळ्या दुकानासमोर. म्हटलं, तुला एका जागी उभं राहता येत नाही का, हाक मारता येत नाही का, तोंड नाही का तुला? ती स्टुलावरून उतरली, टोपी काढून बाईंना दिली, उरलेल्या चिठ्ठ्या दिल्या, थँक यू म्हणाली. त्या बाई माझ्याकडे बघत होत्या.   मग बाहेर आलो, आणि पंपावरच, हवा भरायच्या मशीनपाशी, आमची जुंपली. तो म्हणाला, मागचं सगळं तुझ्याकडे होतं. मी म्हटलं, हॉर्न कोण वाजवत होतं? तो म्हणाला, एक दिवस पुढे येऊन बसलीस तर ही गत. हे म्हणाला तो. एक दिवस. आणि वाईट कशाचं वाटलं सांगू? मला वाटलं, खरंच की काय.

आता तुम्ही म्हणाल, मिळाली ना पोर, झालं तर मग. झालंच. पण परवापासून तिनं एक सुरू केलंय. गाडीची किल्ली फिरली, इंजिनाचा आवाज आला की मागून म्हणते, "मी आहे." कुणी विचारत नाही, आपणहून. मोठ्यानं नाही, आपलं नेहमीच्या आवाजात. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा आम्ही दोघंही एकमेकांकडे बघू शकलो नाही. पंपावरून निघताना म्हणाली, इथं वळताना म्हणाली, काल नुसती गाडी जरा सावलीत घ्यायची होती तरी म्हणाली. मी एकदा सांगितलं तिला, राणी, नको म्हणूस, आता आम्ही बघतो नीट. तिनं मान हलवली. आणि पुढच्या वेळी परत म्हणाली.

नवऱ्यानं त्याचा खेळ केला. चांगलंच केलं म्हणा, तिला हलकं वाटावं म्हणून. आता किल्ली फिरवली की तो ओरडतो, कोण कोण आहे? मग दादा, मी आहे. गुंड्या, मी आहे, मी आहे, मी आहे, तो थांबतच नाही. माऊ. आणि शेवटी हा स्वतः, छाती फुगवून, मी पण आहे. हसतात सगळे. माऊसुद्धा हसली काल, थोडीशी. मग हा म्हणतो, चला, सगळे आलो, आणि गाडी सोडतो.

मी? मी नाही म्हणत. म्हणजे सुरुवातीला राहून गेलं, गुंड्याचा पट्टा लावत होते. मग म्हटलं बघू या. काल मुद्दाम गप्प बसले, श्वाससुद्धा हळू घेतला. चला, सगळे आलो, म्हणाला, आणि निघाला की. आता यात रागवण्यासारखं काही नाही, मला कळतं — मी नसले तर कळेलच ना त्यांना, बाटली मागितली आणि पडद्यातून हात आला नाही की लगेच कळेल. मलाही कळतं ते. मी काही लहान नाही. फक्त माऊनं मागे वळून माझ्याकडे बघितलं. आणि मी उगाचच मान हलवली, तिच्यासारखी.

हे कपडे? हे केव्हाच झाले. मशीन थांबून किती वेळ झाला, तुम्ही यायच्या आधीच थांबलं होतं. जाईन ना. तिकडे नवरा म्हणत असेल, ही धुवायला गेलीय. किंवा म्हणत नसेल. बघते आहे मी, कोण येतंय.

तुम्हाला हाक मारतायत वाटतं. हो, तुम्हालाच, निळ्या तंबूकडून येतेय. ऐका, परत मारली. जा तुम्ही, ओ द्या त्यांना. माझं काही नाही, मी बसते इथे.

जा ना.