त्रिनिदादमधला दहावा

(बहारीन, १९८१. गुदैबियातला फ्लॅट. त्रिनिदादहून पुण्याला निघालेली चारुलता वाटेत धाकट्या भावाकडे, शिरीषकडे, उतरली आहे.)

शिरीष : म्हणजे तात्या गेल्याची तार तुलाही वेळेत मिळाली नाही?

चारुलता : चौथ्या दिवशी मिळाली. अग्नी कोणी दिला?

शिरीष : विवेकनं. पुतण्या असून सगळं केलं त्यानं.

चारुलता : आणि तू? मुंबई इथून किती लांब आहे?

शिरीष : पासपोर्ट कंपनीकडे असतो, ताई. मीना सलमान बंदरात जहाज दुरुस्तीला उभं. साहेब म्हणाला, बदली माणूस आला की जा, इंशाल्ला. तो येईपर्यंत सगळं खलास. ओरड हवं तर.

चारुलता : ओरडत नाही. विचारलं फक्त.

शिरीष : तुझ्याकडे तर आपले लोक होते. देवळं, पंडित... त्यांचाच अभ्यास करत होतीस ना?

चारुलता : पंडितजींकडे गेले होते. म्हटलं, वडिलांचा दहावा करायचाय. नाही म्हणाले.

शिरीष : बाईमाणूस म्हणून?

चारुलता : नाही रे. निवडणूक होती. ते एका पक्षाचा प्रचार करत होते आणि मी दुसऱ्याच्याही सभांना जात होते. म्हणाले, ‘त्यांच्याकडूनच करून घे.’

शिरीष : अगं, पण तू अभ्यासासाठी जायचीस!

चारुलता : ते गावाला कसं पटावं?

शिरीष : मग?

चारुलता : माझी घरमालकीण, मिस युनिस. आफ्रिकी वंशाची, बाप्टिस्ट. त्या दुसऱ्या पक्षाचं पोस्टर तिच्याच दारावर. तिनं विचारलं, दहाव्याला काय करतात? मी सांगितलं. सकाळी उठून बघते तर तिनं भात टाकलेला, आणि चर्चमधल्या बाया अंगणात. घंटा वाजवली, चारी कोपऱ्यांत पाणी शिंपडलं आणि गायला लागल्या.

शिरीष : आईला सांगू नकोस हे.

चारुलता : आईलाच सांगणार आहे.

शिरीष : आणि प्रबंधात?

चारुलता : पंडितजी येतील. त्या बाया नाही.

शिरीष : ...काय गायल्या गं?

चारुलता : सगळं कळलं नाही. तात्यांचं नाव आधी विचारून घेतलं होतं. मधूनमधून यायचं. ‘वेमन’ म्हणायच्या.

शिरीष : वामनचं वेमन.

चारुलता : हं.

शिरीष : कावळा शिवला?

चारुलता : तिथे कावळेच नाहीत, शिरीष.

शिरीष : मग भात?

चारुलता : त्या बायांनी खाल्ला. मिस युनिसनं तर दुसऱ्यांदा वाढून घेतला.